गादीचे टाके आणि लेसरचा किरण

कापसाची गादी भरणारा कारागीर खोळीत पिंजलेला कापूस सारखा पसरतो आणि मग लांब सुईने वरच्या कापडापासून खालच्या कापडापर्यंत दोरा ओवून टाके घालतो. टाका ओढला की तेवढ्या जागी कापड खाली बसते आणि दोन टाक्यांमधला कापूस फुगून वर येतो. कापूस उत्तम असो की साधा, टाका आहे तिथे खळगा पडणारच. त्यात गादीचा दोष नसतो. टाके घातले नसते, तर चार दिवसांत सगळा कापूस एका कडेला गोळा झाला असता.

बहुतेक स्त्रियांच्या मांड्यांवर आणि नितंबांवर दिसणारे खाचखळगे याच रीतीने पडतात. वैद्यकीय लेखनात त्याला 'मॅट्रेस फिनॉमिनन', म्हणजे गादीसारखे दिसणे, असे नावही आहे. रोजच्या बोलण्यात मात्र एक वेगळा शब्द रूढ झाला आहे: सेल्युलाइट. मोठ्या शहरांतल्या स्किन क्लिनिकच्या फलकांवर, फोनवर येणाऱ्या जाहिरातींत आणि 'सहा सिटिंगच्या पॅकेज'मध्ये तो सर्रास आढळतो. तो ऐकून एखाद्या तरुणीला वाटते, की आपल्याला काहीतरी झाले आहे आणि त्यावर काहीतरी करायला हवे. या दोन्ही समजुती नीट तपासून घेतल्याशिवाय लेसरच्या टेबलावर जाऊन झोपू नये, एवढ्यासाठी हे प्रकरण आहे.

त्वचेखालची शिवण

त्वचेच्या खाली चरबीचा थर असतो. तो सलग नसतो. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू त्यात पडद्यांसारखे उभे असतात आणि वरच्या त्वचेला खालच्या स्नायूंवरील आवरणाशी बांधून ठेवतात. या पडद्यांमुळे चरबीचे छोटे छोटे कप्पे तयार होतात. पुरुषांच्या शरीरात हे पडदे बहुतांशी तिरपे, एकमेकांना छेदत गेलेले असतात, एखाद्या जाळीसारखे. त्यामुळे चरबी वाढली तरी ती जाळीत अडकून राहते. स्त्रियांमध्ये हेच पडदे बरेचसे उभे, त्वचेशी काटकोनात असतात. दोन उभ्या पडद्यांमधली चरबी वर फुगते, पडदा त्वचेला खाली खेचून धरतो आणि खळगा दिसू लागतो.

ही रचना १९७८ मध्ये एफ. न्युर्नबर्गर आणि जी. म्युलर या दोन जर्मन डॉक्टरांनी ऊतींचे नमुने तपासून मांडली. पुढे २००२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी जिवंत माणसांच्या मांडीचे एमआरआय काढून तिची छाननी केली. चित्र जुन्या वर्णनापेक्षा अधिक गुंतागुंतीचे निघाले, पण मुख्य मुद्दा टिकला: खळगे असलेल्या स्त्रियांमध्ये उभ्या पडद्यांचे प्रमाण जास्त होते. त्या जर्मन डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. ज्या पुरुषांमध्ये पुरुषी संप्रेरके जन्मतःच किंवा नंतर कमी पडतात, त्यांच्याही शरीरावर असे खळगे दिसतात. खळग्यांचा संबंध आळसाशी किंवा अस्वच्छ राहणीशी नाही. तो संप्रेरकांशी आणि बांधणीशी आहे.

म्हणूनच वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रियांमध्ये असे खळगे कमी-अधिक प्रमाणात आढळतात. त्यात सडपातळ स्त्रिया येतात, रोज धावणाऱ्या येतात, खेळाडूही येतात. वजन वाढले की कप्पे फुगतात आणि खळगे खोल दिसतात, हे खरे. पण वजन उतरले म्हणजे ते पुसले जातील असेही नाही, कारण टाके जागच्या जागी असतात. उलट वजन झपाट्याने उतरल्यावर त्वचा सैल पडली, तर कधीकधी ते जास्तच नजरेत भरतात. वय वाढते तसे त्वचेतले कोलॅजन कमी होते, वरचे कापड पातळ होते आणि खालची शिवण वर उमटते.

डॉक्टर या खळग्यांच्या पायऱ्या मोजतात, त्याही याच दोघा जर्मनांनी आखलेल्या. चिमटीत धरल्यावरही खळगा न दिसणे ही शून्य पायरी. चिमटीत धरल्यावरच दिसणे ही पहिली. उभे राहिल्यावर आपोआप दिसणे आणि आडवे झाल्यावर नाहीसे होणे ही दुसरी. उभ्याने आणि आडव्यानेही दिसणे ही तिसरी. या पायऱ्या दिसण्याच्या आहेत. पहिलीवरून तिसरीवर गेले म्हणून हृदयाला, यकृताला किंवा आयुष्याला काही धोका वाढत नाही.

न्युर्नबर्गर आणि म्युलर यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सेल्युलाइटला 'शोधून काढलेला आजार' म्हटले होते. शोधून काढलेला म्हणजे रचलेला. तो कसा रचला गेला, हेही पाहण्यासारखे आहे.

एका शब्दाचा प्रवास

'सेल्युलाइट' हा शब्द फ्रेंच. १८७३ च्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात तो येतो, तो ऊतींच्या दाहासाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले काही डॉक्टर आणि पाठोपाठ स्त्रियांची मासिके तो मांड्यांवरच्या खळग्यांसाठी वापरू लागली. आजाराचा शब्द अशा रीतीने निरोगी अंगावर येऊन बसला. एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेच्या 'व्होग' मासिकाने हा शब्द आपल्या वाचकांसमोर मांडला. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सौंदर्य-सलून चालवणाऱ्या निकोल रोन्सार्ड यांचे पुस्तक आले आणि खूप खपले. पाणी, चरबी आणि शरीराबाहेर न पडलेली 'विषद्रव्ये' साठून हे खळगे तयार होतात, अशी मांडणी त्यांनी केली. त्या विषद्रव्यांचा पुरावा आजवर कोणाला सापडलेला नाही. तरी 'डिटॉक्स'च्या जाहिरातींत ही कल्पना पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे.

त्याआधी हे खळगे नव्हते का? होतेच. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रुबेन्सचे 'तीन ग्रेसेस' हे १६३० च्या दशकातले चित्र आहे. त्यातल्या तिन्ही स्त्रियांच्या अंगावरचे खळगे चित्रकाराने मन लावून रंगवले आहेत आणि ते सौंदर्याच्या देवता रंगवताना.

मराठीत या गोष्टीला रूढ शब्दच नाही. मुरुमाला आहे, वांगाला आहे, चामखिळीला, कोंड्याला, टाचांच्या भेगांना आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावरच्या बारीकसारीक तक्रारींना नावे दिली आणि त्यांवर लेप, उटणीही शोधली. ज्याला त्यांनी नावच दिले नाही, ती त्यांच्या लेखी तक्रार नव्हती.

नाव मिळाले की औषध येते. १९९९ मध्ये 'सेलासीन' नावाच्या गोळ्या अमेरिकेत गाजावाजा करून बाजारात आल्या. गोळ्या घ्या आणि खळगे घालवा, असा दावा होता. पुढच्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या विकणाऱ्या कंपनीवर फसव्या जाहिरातीचा खटला भरला आणि २००३ मध्ये ग्राहकांचे पैसे परत करण्यासाठी १.२ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. २०११ मध्ये याच आयोगाने निव्हिया बनवणाऱ्या कंपनीला एका क्रीमच्या जाहिरातीबद्दल नऊ लाख डॉलर भरायला लावले. ते क्रीम नियमित चोळले तर अंगाचा घेर कमी होतो, असे सुचवणारी ती जाहिरात होती. कॅफीन किंवा रेटिनॉल असलेल्या मलमांनी त्वचा थोडा वेळ ताणलेली, तुकतुकीत दिसू शकते. पण त्वचेवर चोळलेले मलम खालच्या टाक्यांपर्यंत पोहोचून ते उसवत नाही.

मग पाळी आली यंत्रांची.

रंग ओळखणारा प्रकाश

१६ मे १९६० रोजी थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो माणसाच्या त्वचेवर वापरून पाहिला. पण लेसर त्वचेवर भरवशाने वापरता येऊ लागला, तो रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वामुळे. ते थोडक्यात असे: प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाच्या ठरावीक लहरी जास्त शोषते. नेमकी लहर निवडली आणि ती अगदी क्षणभरच टाकली, तर ते रंगद्रव्य तापून नष्ट होते आणि आजूबाजूची त्वचा तापायच्या आत काम संपते.

नको असलेले केस काढण्याचा लेसर याच तत्त्वावर चालतो. केसाच्या मुळातले मेलॅनिन काळे असते, ते प्रकाश पिते, तापते आणि मूळ जळते. गोंदण पुसणाऱ्या लेसरला शाईचा रंग सापडतो. रक्तवाहिन्यांच्या लाल डागांवर वापरल्या जाणाऱ्या लेसरला रक्ताचा लाल रंग सापडतो.

सेल्युलाइटमध्ये लेसरला असा कोणता रंग सापडणार? कोलॅजनचे पडदे पांढुरके असतात, चरबी फिकट पिवळी. शिवाय ती सगळी शिवण त्वचेखाली खोलवर असते. बाहेरून टाकलेला किरण तिथे पोहोचेपर्यंत विखुरतो आणि त्याची बरीच ताकद वरच्या थरातच खर्ची पडते. म्हणून बाहेरून फिरवली जाणारी यंत्रे नेम धरून टाका तोडत नाहीत. ती एकूण भाग गरम करतात आणि सोबत मालिश किंवा ओढून धरण्याची सोय असते. गरम झालेला भाग किंचित सुजतो, सूज खळगे भरून काढते आणि काही दिवस त्वचा सपाट दिसते. सूज उतरली की गादी पूर्ववत. अशा काही यंत्रांना अमेरिकेत जी परवानगी मिळाली, तीही सेल्युलाइट 'तात्पुरते कमी दिसण्या'पुरती. जाहिरातीत नेमका 'तात्पुरते' हाच शब्द गळतो.

परवानगीबद्दलही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. क्लिनिकमध्ये 'यूएस एफडीए अप्रूव्हड' असा फलक असतो. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन नव्या औषधाला मान्यता देताना ते गुणकारी असल्याचा मोठा पुरावा मागते. सौंदर्योपचारांची बहुतेक यंत्रे मात्र दुसऱ्या दाराने येतात. बाजारात आधीपासून असलेल्या एखाद्या यंत्राशी हे यंत्र मूलतः समान आहे, एवढे दाखवले की विक्रीला मोकळीक मिळते. त्या मोकळिकीचा अर्थ 'हे सर्वांना गुणकारी आहे' असा होत नाही. सावळ्या त्वचेवर त्याची किती तपासणी झाली, तेही त्यावरून कळत नाही.

थेट टाक्यांपर्यंत पोहोचणारा लेसरही निघाला. 'सेल्युलेज' नावाच्या यंत्राला जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. यात त्वचेला अगदी बारीक छेद देऊन लेसरची तार आत सरकवतात. १४४० नॅनोमीटर लहरीचा किरण तारेच्या कडेतून बाहेर पडतो. त्याने फुगलेली चरबी वितळते, ताणलेले पडदे तुटतात आणि वरच्या त्वचेला आतून उष्णता मिळून तिथे नवे कोलॅजन तयार व्हावे, अशी अपेक्षा असते. कल्पना तर्काला धरून आहे आणि काही स्त्रियांमध्ये फरक दिसला हेही खरे. पण ज्या अभ्यासाचा सुरुवातीला वारंवार दाखला दिला गेला, त्यात वर्षभर पाहणी केलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या दहा. आणि ही प्रक्रिया 'जेवणाच्या सुट्टीत उरकणारी' नव्हे. भूल, छेद, आत उष्णता आणि नंतर घट्ट पट्टे, असा तो सगळा मामला आहे. ती शस्त्रक्रियाच आहे, आणि शस्त्रक्रियेचे धोके तिला चिकटलेले आहेत.

पोळणे, डाग आणि उलटलेला परिणाम

पहिला धोका भाजण्याचा. उष्णता जास्त झाली किंवा एकाच जागी किरण रेंगाळला, तर त्वचा पोळते, फोड येतात, क्वचित वण राहतो. तार आत घातलेली असेल तर भाजणे आतून बाहेर येते. आतल्या चरबीचा काही भाग मरून गाठी बनू शकतात, पाणी साठू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि बारीक नसांना इजा होऊन मांडीचा तुकडा बधिर राहू शकतो. कुठे जास्त, कुठे कमी पडदे तुटले तर पूर्वी नव्हते असे उंचवटे दिसू लागतात.

दुसरा धोका भारतीय वाचकांनी खास लक्षात ठेवावा. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले. पुढे ते प्रकार सहा झाले. पहिला अगदी गोरा, सहावा अगदी काळा. गव्हाळ, निमगोरी, सावळी अशी भारतीय त्वचा बहुतांशी तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात मोडते. आपल्या वरच्या थरातच मेलॅनिन भरपूर असते, आणि लेसरला मेलॅनिन आवडते. खाली पोहोचायला निघालेला किरण वाटेतच शोषला जातो आणि ज्या त्वचेला धक्का लागायला नको, तीच तापते. गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी बसवलेले आकडे तसेच ठेवून यंत्र चालवले, तर सावळी त्वचा पोळते.

फोड न येताही काम बिघडू शकते. आपल्या त्वचेला कोणतीही इजा झाली, अगदी मुरूम फोडला किंवा डास चावलेले खाजवले, तरी तिथे काळा डाग उरतो. हा अनुभव घरोघरी आहे. लेसरच्या उष्णतेनेही नेमके तेच होते. हा डाग महिनोन्महिने राहतो, कधी वर्षभरही. उलट रंगपेशीच मेल्या तर पांढरा चट्टा पडतो आणि तो भरून येणे अधिक अवघड. खळगे घालवायला गेलेल्या बाईच्या मांडीवर खळगे तसेच आणि वर ओळीने गोल डाग, अशी स्थिती होऊ शकते. म्हणून गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरसारखी लांब लहर, कमी ताकद, थंडाव्याची सोय आणि आधी एका लहानशा जागी चाचणी करून काही दिवस वाट पाहणे, ही पथ्ये जाणकार त्वचारोगतज्ज्ञ पाळतात. नुकतीच उन्हात रापलेली त्वचा असेल, तर ते उपचार पुढे ढकलतात.

तिसरा धोका उलट्या परिणामाचा. केस काढायला वापरलेल्या लेसरमुळे काहींच्या त्वचेवर आसपास केस वाढतात, याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. चरबी गोठवणाऱ्या यंत्राबाबत असेच घडते. हा उपचार लेसरचा नाही, थंडीचा आहे. क्वचित एखाद्या व्यक्तीत ज्या जागी चरबी मरायला हवी तिथेच ती घट्ट होऊन वाढते. १९९० च्या दशकातली जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये आपल्या बाबतीत हेच झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर आपण जगापासून लपून राहिलो, असेही ती म्हणाली. २०२२ मध्ये यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी तिची तडजोड झाली. तिच्याकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, तरीही तो परिणाम टळला नाही.

मलमाने घेतलेले दोन जीव

लेसरच्या खोलीतला सर्वांत दुर्लक्षित धोका एका साध्या मलमात असतो. उपचार दुखू नये म्हणून आधी त्वचेवर बधिर करणारे मलम लावतात. त्यात लिडोकेनसारखे औषध असते. ते नसांमधून वेदनेचा संदेश जाऊ देत नाही. पण ते रक्तात जास्त मिसळले, तर मेंदू आणि हृदयातही हाच अडथळा करते. ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, मग झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते.

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींचा उल्लेख होता. पायांवरचे केस लेसरने काढून घेण्यापूर्वी दोघींनी पायांना बधिर करणारे तीव्र मलम लावले आणि सांगितल्याप्रमाणे वरून प्लॅस्टिक गुंडाळले. प्लॅस्टिकमुळे औषध अधिक मुरते. मोठा पृष्ठभाग, तीव्र मलम आणि वर प्लॅस्टिक, असे तिन्ही एकत्र आले. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्ध झाल्या आणि शुद्धीवर न येताच गेल्या. जीव किरणाने नव्हे, मलमाने घेतला.

सेल्युलाइटचा भाग म्हणजे मांड्या आणि नितंब. शरीराचा केवढा मोठा पृष्ठभाग! म्हणून मलम किती ग्रॅम, किती जागेवर, किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे प्रश्न इथे फार महत्त्वाचे. घरून मलम फासून, प्लॅस्टिक गुंडाळून या, असे कोणी फोनवर सांगत असेल, तर त्या ठिकाणी जाऊच नये.

यंत्र कोणाच्या हातात

त्वचेवर वापरले जाणारे बहुतेक वैद्यकीय लेसर धोक्याच्या क्रमवारीत चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात येतात. त्यांचा भिंतीवरून किंवा चकचकीत कपाटावरून परतलेला किरणसुद्धा डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. १०६४ नॅनोमीटरचा किरण तर डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे त्या खोलीत प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या लहरीचा चष्मा हवाच.

एक्स-रे यंत्र बसवायचे तर मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. लेसरचा प्रकाश त्या जातीचा नसल्याने तो त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली, हे चांगले झाले. पण यंत्र कायदेशीर असले म्हणजे चालवणारा हात शिकलेला असतोच असे नाही.

त्याने किती फरक पडतो? अमेरिकेत लेसर उपचारांवरून झालेल्या १७५ खटल्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने यंत्र चालवले होते अशा खटल्यांचा वाटा २००८ मध्ये सुमारे ३६ टक्के होता. २०११ मध्ये तो ७८ टक्क्यांच्या आसपास गेला. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपण आणि सौंदर्योपचार यांबाबत स्पष्ट बजावले, की असे उपचार प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावेत. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असेही आयोगाने म्हटले. देशाच्या सर्वोच्च वैद्यक संस्थेला हे लिहून सांगावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी.

इतके सोसून मिळते काय? २०१५ मध्ये काही संशोधकांनी सेल्युलाइटच्या उपचारांवरचे ६७ अभ्यास एकत्र तपासले. मलमे, मालिश, लेसर, ध्वनिलहरी असे सगळे त्यात होते. बहुतेक अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने कच्चे निघाले आणि कोणताही उपचार खात्रीने गुणकारी असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यानंतर आशा होती ती 'क्वो' नावाच्या इंजेक्शनची. कोलॅजन विरघळवणारे हे विकर, म्हणजे टाकाच सोडवणारे औषध. जुलै २०२० मध्ये त्याला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली. सेल्युलाइटसाठीचे हे पहिले मान्यताप्राप्त इंजेक्शन होते. पण टोचलेल्या जागी मोठ्या प्रमाणावर रक्त साकळू लागले आणि काहींच्या त्वचेचा रंग दीर्घकाळ बदललेला राहील अशी काळजी वाटू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादनच बंद करण्याचे जाहीर केले. गोऱ्या त्वचेचा मोठा बाजार असलेल्या देशात हे घडले.

सध्या त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो खळगे खेचणारे पडदे सुईने किंवा बारीक पात्याने तोडण्याच्या पद्धतीचा. ब्राझीलच्या डॉरिस हेक्सेल यांनी २००० मध्ये सहकाऱ्यासह तिचे वर्णन केले. तीही भूल देऊन केलेली शस्त्रक्रियाच. ठळक, मोजक्या खळग्यांसाठी ती ठीक, सरसकट मांडीसाठी नव्हे.

निर्णय घेण्याआधी

आपल्या शरीराबद्दल काय करायचे हे ठरवण्याचा हक्क ज्या त्या स्त्रीचा आहे. कोणाला खळगे खुपत असतील, तर ते खुपणे खोटे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. पण निर्णय तिचा व्हायचा असेल, तर माहितीही तिच्या हातात हवी. आजार बरा करताना आपण थोडा धोका पत्करतो, कारण आजार अंगावर काढण्यातही धोका असतो. इथे आजारच नाही. काहीच न करण्यात शून्य धोका आहे. त्यामुळे भाजण्याचा किंवा वर्षभर राहणाऱ्या डागाचा छोटासा संभवही इथे मोठा मानायला हवा.

जायचे ठरलेच, तर सल्ला देणारा डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन आहे का, त्याची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये किंवा आपल्या राज्याच्या परिषदेत नोंद आहे का, आणि प्रत्यक्ष यंत्र कोण चालवणार, हे आधी विचारा. यंत्राचे नाव आणि लहर लिहून घ्या. आपल्यासारख्या त्वचेच्या किती जणींवर ते वापरले आणि सहा महिन्यांनंतर काय दिसले, ते विचारा. आधी लहान जागी चाचणी करा म्हणा. चालू असलेली सगळी औषधे, गर्भधारणेची शक्यता, वण जाड होण्याची प्रवृत्ती, यांतले काही लपवू नका. संमतिपत्र घरी नेऊन वाचा. 'आजच पैसे भरले तर निम्म्यात' अशी घाई करणाऱ्याला नकार द्या. पैसे दिल्याची पावती आणि उपचाराची नोंद जपून ठेवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

शेवटी, भीती वाटायचीच असेल तर ती योग्य जागी वाटू द्या. सेल्युलाइटसारखे वाटणारे, पण सेल्युलाइट नसलेले तीन विकार आहेत. दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड होत गेले, पावले मात्र सडपातळ राहिली, दाबले की दुखते आणि सहज काळेनिळे पडते, तर ते लायपेडिमा असू शकते. त्यावर वेगळे उपचार लागतात. पायाचा एक भाग लाल, गरम, सुजलेला झाला आणि ताप आला, तर ते नावाने जवळचे, पण स्वभावाने अगदी निराळे 'सेल्युलायटिस' असू शकते. तो जंतुसंसर्ग आहे, वेगाने पसरतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे लागते. तिसरा विकार स्तनाचा. मांडीवर संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा निरुपद्रवी असते. तशीच त्वचा स्तनावर दिसू लागली, तर ती कर्करोगाची खूण असू शकते. मांडीसाठी हवा तेवढा वेळ घ्या. स्तनावरच्या अशा बदलासाठी मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठा.